कमी जोराची स्प्रिंग

बाबांनी छर्‍याची बंदूक खोपीच्या दारामागे उभी केली होती आणि तिच्यावर गोणपाट टाकलं होतं. आत पाऊल टाकल्याबरोबर मला ते दिसलं. आई चुलीपुढे होती. तिने नुसतं डोळ्यांनी तिकडे दाखवलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्या दिवसापासून बाबांनी बंदुकीला हात लावलेला नाही.

मी तेव्हा रत्नागिरीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय पदार्थविज्ञान. ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा पावस गावाच्या बाजूला एका आंब्याच्या बागेचे राखणदार होते आणि बागेतल्याच खोपीत आमचं बिऱ्हाड होतं. बाग ज्यांची, त्यांना सगळे शेट म्हणत. शेट रत्नागिरीत राहायचे, आंब्याचा व्यापार करायचे. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत राहून काढली. दोन वेळचं जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातून यायचं, आणि ते वाढताना कोणी कधी तोंड वाकडं केलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे शेटांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कोणी त्यांना वाईट समजू नये. त्या पडवीशिवाय मी पदवीधर झालो नसतो.

आंबा धरला की बागेत वांदर येतात. एक आंबा खाऊन पोट भरणारा प्राणी नव्हे तो. एक चावा घेणार, टाकणार, दुसरा तोडणार. डबे वाजवून, गोफण फिरवून ते सुरुवातीला पळतात, मग त्यांना सवय होते. म्हणून शेटांनी बागेत छर्‍याची बंदूक दिली होती. नळी खाली मोडायची, की आतली स्प्रिंग दबून चापाला अडकते. छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दाबलेल्या हवेने छर्रा उडतो. बंदूक जुनी होती, स्प्रिंग बसून ढिली झालेली होती. वांदराच्या ढुंगणावर छर्रा लागला की तो ओरडायचा, टोळी घेऊन निघून जायचा. कोकणात वांदराला कोणी मारत नाही. पळवायचा, मारायचा नाही, हे बाबांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या मोसमाच्या सुरुवातीला ती जुनी स्प्रिंग तुटली. शेटांनी बंदूक रत्नागिरीत नेऊन दुरुस्त करून आणली आणि चांगल्या जोराची स्प्रिंग घालून घेतली. आणल्यावर बाबांना म्हणाले, आता बघ एकदा मारून. बाबांनी नेहमीच्याच जागेवरून, नेहमीसारखाच नेम धरला. ती मादी होती आणि तिच्या पोटाला पिल्लू होतं. ती फांदीवरून खाली आली ती उठलीच नाही. पिल्लाला दुसरी एक मादी घेऊन गेली.

बाबांनी आईचं धुतलेलं लुगडं पांघरवून त्या वांदरीला पुरलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ दिला. एवढं आमच्याकडे कोणीही केलं असतं. पण त्यानंतर ते बागेच्या हद्दीवर गेले. तिथे जुन्या किंजळीच्या बुंध्याशी एक काळा दगड आहे, त्या जागेचं रक्षण करणारा देव. आम्ही त्याला जागेवाला म्हणतो. त्याच्यापुढे उभं राहून बाबांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याला 'व्हय महाराजा' म्हणणारं माणूस लागतं. दुसरं कोणी नव्हतं म्हणून आई म्हणाली.

ते शब्द आईने मला जसेच्या तसे सांगितले. "बा जागेवाल्या म्हाराजा, माज्या हातना जा झाला ता झाला. हेच्या म्होरं ज्या बंदुकीचा छर्रा पयला माज्या पाठीवर बसंल, तीच बंदूक मी वांदरावर धरीन. न्हायतर हात लावनार नाय."

आणि आई म्हणाली होती, व्हय महाराजा.

शेटांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला पडवीतून आत बोलावलं. रागावले नाहीत. त्या वांदरीचं त्यांनाही लागलं असावं, कारण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ते म्हणाले, "तू शिकलेला आहेस. बाबाला समजाव. माल झाडावर आहे आणि राखण्या बंदूक झाकून बसलाय. येत्या रविवारी मी येतो. तो बंदूक घेऊन उभा असला तर उत्तम. नाहीतर मला दुसरा गडी बघायला लागेल रे, आणि त्याला राहायला खोपी द्यायला लागेल."

खोपी सोडून आम्ही जाणार कुठे, तर लांज्याच्या पलीकडे गावी. तिथल्या घरात आमच्या वाटणीला एक पडवी होती आणि भाताचे दोन कुणगे, तेही चुलते कसत होते. बाबांचं वय झालं होतं. त्या वयात नवी राखण कोणी दिली नसती. हे मला कळत होतं, आईला कळत होतं आणि बाबांनाही.

म्हणून बागेत आलो तेव्हा मी बाबांना समजावून पाहिलं. देवाला आपली अडचण कळते, दुसरा नारळ देऊन शब्द मागे घेता येतो, गावात लोक घेतात, असं सगळं बोललो. बाबा काजूच्या बिया सुकायला पसरत होते. त्यांनी हात थांबवला नाही. शब्द मागे घेणारे लोक असतील, पण हे गाऱ्हाणं त्या लोकांनी घातलेलं नव्हतं, एवढंच बाबांचं म्हणणं.

मग एकच वाट उरली. बंदूक अशी करायची की तिचा छर्रा बाबांच्या पाठीवर बसला तरी आत जाणार नाही, आणि तेवढ्याच अंतरावरून वांदराला मात्र पळायला लावील. म्हणजे स्प्रिंग बदलायची. मी गोणपाट काढलं, बंदूक त्यातच गुंडाळली आणि दुपारची एसटी धरली.

दुरुस्तीचं दुकान बाजारपेठेतल्या एका बोळात होतं. स्टोव्ह, कुलपं, शिलाई मशिनं आणि बंदुका. शेटांची स्प्रिंग बसवली होती ती याच मिस्त्रींनी. ते मला ओळखत होते आणि 'कॉलेज' म्हणूनच हाक मारत.

"काय कॉलेज, जोर कमी पडला काय?"

मी म्हटलं, जास्त पडला. काय झालं ते सांगितलं. ते ऐकताना त्यांनी कानामागची विडी काढली, पण पेटवली नाही. गिऱ्हाईक जोर मागतं, मी जोर घालतो, असं काहीतरी पुटपुटले. मग बंदूक शिकंज्यात धरली, मागची पिन ठोकून काढली आणि मला तोंड बाजूला करायला सांगितलं. शिकंज्याचा स्क्रू ते एकेक आटा सैल करत होते आणि आतली स्प्रिंग हळूहळू बाहेर येत होती. ही अशी सुटली तर कौल फोडून जाईल, आणि मध्ये तुझा डोळा असला तर तोही, असं ते तोंडाने सांगत होते आणि हात मात्र तसाच सावकाश चालला होता. स्प्रिंग बाहेर आली. जाड तारेची, निळसर, नवी. मी ती हातात घेतली. थंड होती.

डालड्याच्या डब्यात त्यांच्याकडे निरनिराळ्या बंदुकांच्या काढलेल्या स्प्रिंगा होत्या. दट्ट्याच्या नळकांड्यात सैलसर बसतील एवढ्याच जाडीच्या मी वेगळ्या काढल्या. त्यातून पातळ तारेच्या निवडल्या. प्रत्येक स्प्रिंग काउंटरच्या काचेवर लोळवून पाहिली. वाकडी असेल ती उडत उडत जाते, सरळ असेल ती गप्प गोल फिरते. वाकडी स्प्रिंग नळकांड्याला आतून घासते आणि दर वेळी वेगळाच जोर देते. मला जोर कमी हवा होता, पण दर वेळी तेवढाच हवा होता. बाबांच्या पाठीवर अंदाज चालणार नव्हता. ज्यांची टोकं घासून सपाट केलेली नव्हती त्या बाजूला गेल्या. उरलेल्या शिकंज्यात पूर्ण दाबून तशाच ठेवल्या आणि सोडल्यावर पुन्हा मापून पाहिल्या. ज्या आखडल्या त्या संपलेल्या.

शेवटी वजन. प्रयोगशाळेत आम्ही बारीक स्प्रिंगेला छोटी वजनं टांगून ती किती ताणते ते मोजत असू. इथे उलटं करायचं होतं. स्प्रिंग लोखंडी गजात ओवून उभी केली आणि शेजारच्या धान्याच्या दुकानातून आणलेली दहा किलोची वजनं तिच्यावर चढवली. शेटांची स्प्रिंग जेमतेम दबली. निवडलेल्या स्प्रिंगांपैकी एक पार बसली, एक तिच्या बरीच वर थांबली, आणि एक त्या दोघींच्या मध्ये. या तीन मी बाजूला ठेवल्या.

मिस्त्री बघत होते. "लोक इथे जोर वाढवायला येतात," ते म्हणाले. "कमी करायला आलेला तूच पहिला. वांदरांची दया आली काय?"

"आधी बाबांच्या पाठीवर मारायची आहे," मी म्हणालो, आणि गाऱ्हाणं सांगितलं.

त्यांनी विडी परत कानामागे ठेवली. शिकंजा काउंटरवरून सोडवला आणि माझ्या पिशवीत घातला. परत कधी आणून देऊ विचारलं तर म्हणाले, बाबा बरे असले की दे.

माणसाच्या पाठीऐवजी आधी दुसऱ्या कशावर तरी मारून पाहायला हवं होतं. पत्रा, पुठ्ठा, कैरी, शहाळं, यातलं काहीच कातडीसारखं वागत नाही. एसटीत पूर्ण वाटभर मी तोच विचार करत होतो. शिमग्यात आमच्या वाडीतल्या ढोलाचं चामड्याचं पान फुटलं होतं. आई जाऊन त्या फाटक्या पानाचा तुकडा घेऊन आली. मी तो पाण्यात भिजत घातला आणि मऊ झाल्यावर केळीच्या कापलेल्या खांबावर सुतळीने ताणून बांधला. वर ओलं कातडं, आत ओला गर. बाबांनी त्यावर बोट दाबून पाहिलं, मग स्वतःच्या दंडावर दाबून पाहिलं, आणि मान हलवली.

खांब फणसाच्या बुंध्याला टेकवून उभा केला. बाबा जिथून बंदूक मारत ती जागा म्हणजे खोपीचा कोपरा. तिथून फणसापर्यंतचं जे अंतर, त्याच्यापेक्षा जवळून ते कधीच मारत नसत.

आधी मी शेटांची स्प्रिंग परत बसवून मारली, तुलनेला काहीतरी हवं म्हणून. छर्रा कातड्यातून आत गेला आणि गरात दिसेनासा झाला. आई तिथून उठून आत गेली. मग सगळ्यात कमजोर स्प्रिंग बसवली. छर्रा कातड्यावर टपकन आपटून पाचोळ्यात पडला. ओरखडासुद्धा नाही. बाबांनी तो उचलून तळहातावर घेतला.

"ह्यानं माशी पन उठनार नाय," ते म्हणाले, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

तिसरी, वजनाला सगळ्यात टणक, तिने कातडं फाडलं. छर्रा आरपार गेला नाही, पण फाडलं. ती गेली. राहिली मधली. ती शिकंज्यात दाबून आत घातली. तिचा छर्रा कातड्यावर बसला आणि खाली पडला. कातड्यावर खोल वळ उठला, भोक नाही. दुसरा मारला, तसाच. तिसरा, चौथा, तसेच. मला वाटलं, झालं.

पुढच्याला बंदूक वेगळीच वाजली. फाडकन आवाज झाला, नळीतून निळसर धूर निघाला, आणि खांबाजवळ जाऊन पाहतो तर कातड्याला भोक पडलेलं. छर्रा गरात आत गेला होता, शेटांच्या स्प्रिंगेइतकाच.

मी खाली बसलो. स्प्रिंग तीच होती, जागा तीच, छर्रा तसलाच. जर पाठीवर मारताना असं झालं असतं तर? मी बंदूक बाबांकडे दिली. त्यांनी नळी मोडून दिली. नळी नाकाशी आली तेव्हा वास आला. समईची वात विझवली की येतो ना, तसा खोबरेल जळल्याचा वास.

दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वायसर असतो. मी शिकंजा लावून दट्ट्या बाहेर काढला. वायसर खोबरेल पिऊन टच्च झाला होता. आमच्याकडे कोयतीला खोबरेल, बिजागरीला खोबरेल, डोक्याला खोबरेल. बाबा बंदुकीलाही नियमाने सोडत असत, चांगलं सढळ हाताने. गंजू नये म्हणून.

मी त्यांना समजावून सांगितलं. हवा एकदम दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना बुड गरम होतं तशी. डिझेलचं इंजिन त्याच्यावरच चालतं, त्यात ठिणगी लागत नाही. इथे नळकांड्यात तेलाचा थेंब पुढे आला की तो पेटतो, आणि स्प्रिंगेच्या जोरावर आणखी तो भडका चढतो. कधी येईल, कधी येणार नाही, सांगता येत नाही.

बाबांनी वायसर हातात घेऊन पाहिला.

"त्या दिवशी सकाळी मी त्याल सोडला व्हता," ते म्हणाले.

मी बोटांना लागलेलं तेल फडक्याला पुसलं.

"म्हंजे निस्ता सप्रिंगचा जोर नव्हता."

नसेलही, असेलही, असं मी म्हणालो. खरं तर नुसती ती स्प्रिंगही पुरेशी होती, आणि हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी ऐकलं, पण मानलं की नाही ते कळलं नाही. उठून ते आंब्यांखालचा पाचोळा ओढायला गेले.

मी सगळी बंदूक सुटी केली. नळकांडं, दट्ट्या, स्प्रिंग रॉकेलने धुतली, फडक्याने पुसली, कातळावर उन्हात ठेवली. वायसर रॉकेलमध्ये पिळून पिळून कोरडा केला. लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून तेलाऐवजी शिसपेन्सिलीची पूड चोळली. दुसऱ्या दिवशी परत जोडली आणि त्याच पानाचं दुसरं कातडं बांधून मारत राहिलो. वळ, वळ, वळ. धूर नाही, वास नाही. छर्‍यांची डबी अर्धी झाली. पण काल चौथ्यापर्यंत सगळं नीट होतं आणि पुढच्याने फसवलं होतं, ते डोक्यातून जाईना. एखाद्या सांधीत तेलाचा थेंब राहिला असला तर?

मी बाबांना म्हटलं, आणखी एक दिवस द्या, पुन्हा धुतो, पुन्हा तपासतो. त्यांनी विचारलं, शेट कधी येतात? उद्या, मी म्हणालो. मग उद्या सकाळी, ते म्हणाले.

सकाळी ऊन वर आल्यावर बाबा फणसाखाली गेले. खांब होता तिथेच, पाठमोरे बसले. मी म्हटलं, छर्रा माझ्या पाठीवर मारू या, मी तरुण आहे, भरून येईल.

"शब्द माजा हाय," ते म्हणाले. "आनि तुजी परीक्षा हाय."

निदान सदरा तरी अंगात ठेवा, मी म्हणालो. बाबांनी सदरा काढून फणसाच्या मुळावर ठेवला. "वांदराला सदरा असतो काय?"

"त्याला केस असतात."

"माज्यापन पाठीवर हायत. बग नीट."

होतेही, थोडे, पिकलेले. आईने त्यांच्या डोक्याला आणि मानेला कांबळं चार पदरी गुंडाळलं, कानांवरून खाली ओढून. ती आत गेली नाही. पहिल्या दिवशी कातड्याला भोक पडल्यावर आत गेली होती, पण आज म्हणाली, मी व्हय म्हटला हाय, मी बगनार. ती त्यांच्यापासून थोडी बाजूला, दोन्ही हातांनी आंब्याची फांदी धरून उभी राहिली.

कमी जोराचा छर्रा अंतरावर खाली येतो. किती येतो ते खांबावर मला समजलं होतं. पाठीचा कणा टाळायचा होता. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, जरा बाहेरच्या बाजूला, जिथे मांस असतं, तिथे मारायचं होतं आणि त्यासाठी नेम त्याच्या वर धरायचा होता. वर म्हणजे खांद्याच्या हाडावर. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा दाणा, बाबांच्या खांद्याच्या रेषेत आणली तेव्हा त्यांचा श्वास चाललेला दिसत होता. पाठ वर होत होती, खाली जात होती. मी नळी खाली घेतली. परत मोडून आत फुंकर मारली. वास घेतला. वास नव्हता.

"मार रे," कांबळ्यातून आवाज आला.

मी श्वास धरला आणि चाप ओढला.

आवाज झाला तो कालच्यासारखाच, बोदा. बाबांची पाठ एकदम आत गेली, डोकं वर आलं, पण तोंडातून काही निघालं नाही. बंदूक कुठे टाकली ते मला आठवत नाही. मी पोचेपर्यंत आईने पदर त्या जागेवर दाबला होता आणि काढून पाहिला होता. पदर कोरडा होता. फऱ्याखाली रुपयाएवढा लालभडक गोल फुगत होता, मधोमध पांढरा ठिपका. कातडी शाबूत होती. छर्रा चेपलेला, त्यांच्या धोतराच्या घडीत सापडला.

"बसला," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "लय लागतां रे."

आईने वळावर हळद लावली. ती रडत होती की हसत होती, पाठमोरी असल्यामुळे दिसलं नाही.

शेट जीप घेऊन आले तेव्हा बाबा सदरा घालून, बंदूक खांद्याला लावून खोपीपुढे उभे होते. शेटांचा चेहरा खुलला. त्यांनी बंदूक मागून घेतली, झाडाला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यावर मारून पाहिली. डब्याला नुसता पोचा पडला. मी तपासताना शेटांच्या स्प्रिंगेने त्याच डब्यात आरपार भोकं पडली होती, ती तिथेच दिसत होती.

"हे काय केलंस?" ते मला म्हणाले. "ह्या फुसक्या बंदुकीला वांदर भिणार? मी चांगली स्प्रिंग घालून दिली होती."

मी बोलायच्या आधी बाबांनी पाठ फिरवली आणि सदरा वर केला.

शेट पुढे झाले. त्या वळापर्यंत त्यांचं बोट गेलं, पण टेकलं नाही. "कोणी मारला?" त्यांनी विचारलं. बाबांनी मानेने माझ्याकडे दाखवलं. शेटांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जसा मी त्यांच्या पडवीत राहणारा मुलगा नव्हेच. मग आईकडे वळून म्हणाले, "ह्या बापलेकांना खूळ लागलंय काय गो?" आई म्हणाली, शेट, आता बसा, चहा घ्या.

जोराची स्प्रिंग परत घाल, असं ते म्हणाले नाहीत. पण वांदर येऊ देत, मग ठरवू, असं म्हणून चहा पिऊन तिथेच बसून राहिले. म्हणजे काहीच ठरलेलं नव्हतं.

टोळी जेवणवेळेला आली. आधी फांद्या हलल्या, मग मोठा हुप्प्या समोरच्या कलमाच्या शेंड्याला दिसला. त्याने आंबा तोडला, चावला, टाकला. तो आंबा शेटांच्या पायाशी गडगडत आला. बाबा खोपीच्या कोपऱ्यावर गेले. नळी मोडली, छर्रा घातला. नेम धरताना त्यांचा उजवा खांदा वर येत नव्हता, ते मी पाहिलं. त्यांनी तो तसाच ओढून वर आणला आणि चाप ओढला.

हुप्प्याने मागे वळून पाहिलं. मांडी खाजवली आणि शेजारच्या फांदीवर जाऊन बसला. दुसरा आंबा तोडला.

शेट माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बाबा घाई न करता नळी मोडत होते. त्यांना सांगावंसं वाटलं की छर्रा खाली येतो, नेम थोडा वर धरा. पण त्या वेळी बोललो असतो तर वांदर हलले असते. त्यांनी आपणच नेम वर घेतला. या वेळी छर्रा बरोबर बुडावर बसला असावा, कारण हुप्प्या किंचाळून उभाच उडाला. त्याच्या आवाजाने सगळी टोळी कलमांवरून धावत सुटली, बागेच्या दगडी गडग्यावरून पलीकडे, पलीकडून कातळावर. बाबा बंदूक खाली घेऊन गडग्यापर्यंत गेले आणि पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या एकेक करून पार होईपर्यंत तिथेच उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "समदी गेली."

"दोनदा मारायला लागलं," शेट म्हणाले.

"धा येला मारीन, शेट."

शेटांनी उठून कपडे झटकले. चपला घातल्या. जीपकडे जाताना बाबांना म्हणाले की पुढच्या आठवड्यात पहिली तोड करायची आहे, पेट्या आणि पेंढा पाठवतो, तोडणीला माणसं सांगून ठेव. माणसं सांगायचं काम ते राखण्यालाच देत असत. आईने ते खोपीतून ऐकलं आणि भांडी घासायला घेतली.

संध्याकाळच्या एसटीला मला निघायचं होतं. बाबा मला वाटेपर्यंत सोडायला आले. चालता चालता विचारलं की ही सप्रिंग किती टिकंल. मी खरं ते सांगितलं. स्प्रिंग जितकी दाबाल तितकी बसत जाते. रोज चालवली तर दोन-तीन मोसम. दाबून ठेवून विसरलात तर तेवढीही नाही. आणि तेल अजिबात नको.

"मंग?"

"मग दुसरी घालायची."

"दुसरी म्हंजे बंदूक दुसरीच झाली," बाबा म्हणाले. "म्हंजे परत पाठ."

मी हो म्हणालो. ते स्वतःशीच मान हलवत राहिले, हिशोब जुळत असल्यासारखे.

परीक्षा संपवून मी परत आलो तेव्हा आंबा उतरत आला होता. बाबांचा घसा पार बसला होता, तोंडातून आवाज फुटत नव्हता. आईने सांगितलं की वांदर दिसले की ते आधी जिवाच्या आकांताने ओरडतात, डबा वाजवतात, गडग्यापर्यंत धावत जातात, दगड फेकतात. अगदीच ऐकेनात तर बंदूक, तीही स्प्रिंग लवकर बसू नये म्हणून मोजूनच. शेजारच्या बागेतले लोक त्यांना हसायचे, म्हणायचे, हातात बंदूक असून हा राखण्या घशाने राखण करतो. मी बाबांना त्याबद्दल विचारलं. त्यांनी गळ्याला हात लावून बोलता येत नाही असं दाखवलं, आणि डबा घेऊन कलमांखाली निघून गेले.